शेततळ्यात बोटुकली सोडण्याआधी एक रोहू उघडून बघा

शेततळ्याला अस्तर बसलं, बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं) सोडली, आणि भादव्यात एका सकाळी चार-सहा मासे पांढरं पोट वर करून काठाला लागले, की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "काय टाकू?" कोणी चुना सांगतो, कोणी लाल औषध, दुकानदार हाताला लागेल ती बाटली देतो. मासा कशाने मेला, हे विचारायला कोणी थांबत नाही. बरं, मेलेला मासा उघडून पाहिला तरी नवख्याला त्यातून काही उमगत नाही. निरोगी काळीज (यकृत) कोणत्या रंगाचं असतं हे ज्याने पाहून ठेवलेलं नाही, त्याला आजारी काळजाचा पिवळेपणा कसा कळणार?

म्हणून तळ्यात पहिला मासा सोडण्याआधी बाजारातून एक चांगला रोहू आणा आणि सकाळचे दोन तास काढून तो सावकाश उघडा. खाली सांगितलेला क्रम त्यासाठीच आहे. झूऑलॉजी शिकणाऱ्या पोरांनाही तो चालेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राण्यांचं विच्छेदन थांबवायला सांगितल्यापासून त्यांना आतला मासा बहुधा तक्त्यावरच भेटतो. इथे जिवंत प्राणी मारायचा नाही. खायला आणलेली मासोळीच शिजवण्याआधी नीट पाहायची.

१. मासोळी निवडा

रोहूच घ्या, अर्धा ते एक किलोचा. लहान माशात अवयव इतके बारीक असतात की सगळा गुंता होतो, आणि दोन-तीन किलोच्या माशाच्या बरगड्या साध्या कात्रीला ऐकत नाहीत.

मासा त्याच सकाळी पाण्यातून निघालेला हवा. नागपूरपासून तालुक्याच्या बाजारापर्यंत आंध्राचा बर्फातला रोहू सगळीकडे मिळतो. खायला ठीक, पण आपल्या कामाचा नाही. मेल्यावर आतड्यातले पाचक रस आतड्यालाच खाऊ लागतात, आणि दोन-तीन दिवस बर्फात राहिलेल्या माशाचं पोट उघडलं की आत लगदा निघतो. भंडारा-गोंदियाकडे असाल तर सोपं आहे: गावच्या मामा तलावावर (जुन्या मालगुजारी तलावावर) किंवा बोडीवर (लहान तळ्यावर) ढिवर बांधव जाळं काढतात त्या वेळी काठावरच घ्या. घेताना एक गोष्ट आठवणीने सांगा, "भाऊ, साफ करू नका, खवलेही काढू नका." नाही सांगितलं तर सवयीने हात चालतो आणि मासा अर्धा रिकामा होऊन पिशवीत पडतो.

उन्हाळ्यात हे काम नकोच. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात मासा तासाभरात फुगायला लागतो. हिवाळा उत्तम. अंडाशय भरलेलं पाहायचं असेल तर जून-जुलै.

२. सामान आणि कागद

टोकदार कात्री घेऊ नका. एक टोक बोथट असलेली कात्री हवी. बँडेज कापायची मेडिकलमध्ये मिळते ती चालते. घरची पावशी (विळी) या कामाला बिलकुल नको, ती एका फटक्यात आतड्यापर्यंत जाते. याशिवाय:

- चिमटा, भिंग, मोजपट्टी
- पांढरा ट्रे किंवा इनॅमलची परात (पांढऱ्यावर रंग खरे दिसतात)
- पाण्याने भरलेली एक खोलगट बशी
- रबरी हातमोजे, जुनी वर्तमानपत्रं
- वही, पेन्सिल, मोबाईल

तळं आधीच चालू असेल तर तळ्याची नोंदवही जवळ ठेवा: बोटुकली कधी सोडली, कुठून आणली, खाद्य काय आणि किती, शेवटचं खाद्य कधी दिलं, पाणी कधी भरलं. माशाच्या पोटात जे दिसेल ते या नोंदींशी ताडून पाहायचं असतं. नोंदवहीच नसेल तर ती आजपासून सुरू करा.

३. कापण्याआधी बाहेरून वाचा

बहुतेक जण ही पायरी गाळून सरळ कात्री उचलतात. निम्म्या आजारांची खूण बाहेरच असते, तेव्हा इथे घाई नको.

मासा परातीत असा ठेवा की डोकं तुमच्या डाव्या हाताला आणि पोट तुमच्याकडे येईल. आता माशाची डावी बाजू वर आली. दर वेळी असंच ठेवा, म्हणजे फोटो एकमेकांशी जुळतात.

तोंडापासून सुरुवात करा. रोहूचं तोंड किंचित खाली वळलेलं असतं आणि ओठांना झालर असते. बोट आत घालून बघा, जबड्यात एकही दात लागणार नाही. कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर उघडणारं, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. मृगळ तळाचा चिखल चाळतो. रोहू मधल्या थरातला. तिघांना एकत्र सोडतात ते याच हिशेबाने.

नाकपुड्या दिसतील, पण त्या घशात उघडत नाहीत. त्यांचं काम फक्त वासाचं. डोळ्यांना पापण्या नाहीत. डोक्यावर खवले नाहीत.

आता अंगावरून उलटा, म्हणजे शेपटीकडून डोक्याकडे, बोट फिरवा. बुळबुळीत थर हाताला लागेल. त्याला घाण समजून पुसू नका. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, त्यामुळे पाणी सारखं आत शिरू पाहतं. हा थर आणि त्याखालचे खवले ते बरंचसं अडवतात, जंतूंनाही अडवतात. जाळ्यात रगडलेल्या किंवा पाटीत कोंबलेल्या माशाला आठवड्याभरात अंगावर कापसासारखी बुरशी येते, त्याचं मूळ बहुतेक वेळा या खरवडलेल्या जागेत असतं.

एक खवला चिमट्याने उपटून उजेडात भिंगाखाली धरा. गोल, गुळगुळीत कडेचा, आणि त्यावर एकात एक बारीक वलयं. वाढ मंदावते तेव्हा ही वलयं दाटीने पडतात आणि त्यावरून जाणकार माशाचं वय काढतात. खवला त्याच्या खालच्या कातडीतून निघताना त्या जागी रक्त साकळलेलं दिसलं किंवा आत द्रव साचलेला असला, तर ती आजाराची खूण.

कल्ल्यांच्या झाकणामागून शेपटीपर्यंत अंगाच्या मधोमध बारीक छिद्रांची एक ओळ जाते, ती पार्श्वरेषा. रोहूत तिच्यावर साधारण ४० ते ४४ खवले असतात. पाण्याची हालचाल आणि दाब माशाला या रेषेतून कळतो. काठावरून चालताना पाय आपटला की मासे पळतात, ते काही तुम्हाला बघून नव्हे.

पर मोजा. पाठीवर एक, शेपटीचा दुभंगलेला एक, गुदाच्या मागे एक, छातीवर दोन आणि पोटाखाली दोन, असे सात. शेपूट ढकलतं, पाठीचा आणि गुदामागचा पर मासा कलंडू देत नाहीत, छातीचे आणि पोटाचे वळायला नि थांबायला. पावसाळ्याच्या तोंडाशी छातीच्या परावर आतल्या बाजूने बोट फिरवलं तर नराचा खरखरीत लागतो, मादीचा मऊ. हॅचरीत नर-मादी निवडताना हीच परीक्षा करतात.

परांच्या बुडाशी आणि छातीखाली चपटे, काचेसारखे, सरकणारे ठिपके दिसले तर ती माशाची ऊ. नुसत्या डोळ्यांनीही दिसते, पण मासा वाळला की कातडीला चिकटून जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

४. कल्ले

कल्ल्याचं झाकण कात्रीने मुळाशी कापून बाजूला काढा. आत एकामागे एक चार कमानी दिसतील. दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच. पहिली कमान वरून आणि खालून कापून अख्खी बाहेर काढा आणि पाण्याच्या बशीत सोडा. हवेत चिकटून बसलेला लाल गोळा पाण्यात लगेच उलगडतो, आणि कंगव्याच्या दातांसारखे ओळीने लागलेले बारीक तंतू वेगळे दिसतात. त्या प्रत्येक तंतूवर आणखी बारीक पापुद्रे असतात. ते भिंगाने जेमतेम दिसतात, पण मासा श्वास घेतो तो तिथेच.

कमानीच्या आतल्या, तोंडाकडच्या बाजूला पांढुरकी दातेरी कड असते. ती चाळणी आहे. पाण्याबरोबर आलेलं अन्न ती तोंडात अडवते आणि नाजूक तंतूंपर्यंत जाऊ देत नाही. शक्य असेल तर एखाद्या कटल्याची कमान शेजारी ठेवा. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव गाळून खाणाऱ्या त्या माशाची चाळणी लांब आणि दाट असते.

तीस अंश तापमानाच्या पाण्यात, ते हवेने पूर्ण भरलेलं असलं तरी, लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो. पाणी जितकं तापेल तितका आणखी कमी. तेवढ्यावर माशाला जगायचं असतं, म्हणून कल्ल्यांचा पसारा एवढा मोठा आणि म्हणूनच तो एवढा नाजूक. रात्री शेवाळही प्राणवायू वापरतं, आणि पहाटे तळ्यात त्याची सर्वांत जास्त टंचाई असते. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडझाप करत असतील तर औषध शोधू नका, पंप लावून पाणी वरून पाडा. प्राणवायूअभावी मेलेल्या माशाचं तोंड वासलेलं आणि कल्ल्याची झाकणं फाकलेली असतात, आणि आधी मोठे मासे जातात.

निरोगी कल्ला गडद लाल. फिकट गुलाबी असेल तर रक्त कमी आहे. चॉकलेटी रंग पाण्यात नायट्राइट (विष्ठा-खाद्य कुजून होणारं विषारी संयुग) वाढल्याचा संशय दाखवतो. पण मासा मरून काही तास झाले असतील तर कोणाचाही कल्ला तपकिरी होतो, तेव्हा रंगावरून निदान करण्याआधी मासा किती ताजा आहे ते स्वतःला विचारा. नवख्यांची सर्वांत जास्त फसगत होते ती इथे.

५. पोट उघडणं

गुदद्वाराच्या थोडं पुढे, पोटाच्या मधल्या रेषेवर कात्रीने छोटी चीर द्या. बोथट टोक आत घाला आणि ते कातडीकडे उचलून धरत, मधल्या रेषेने, पोटाखालच्या दोन परांच्या मधून, थेट छातीच्या परांपर्यंत कापत जा. कात्रीचं टोक खाली झुकलं की आतडं फाटलं म्हणून समजा.

दुसरा काप गुदद्वारापासून वर, पार्श्वरेषेच्या जरा वरपर्यंत, आणि तिथून पुढे वळून कल्ल्यांपर्यंत. या वाटेत बरगड्या कटकट तुटतात. वरच्या कापात जपून, खालीच हवेची पिशवी आहे. फुस्स आवाज आला तर ती गेली. आता बाजूची पूर्ण भिंत झाकणासारखी उचला, आत चिकटलेले पडदे बोटाने सोडवा. काहीही बाहेर ओढण्याआधी एक फोटो काढा. अवयव कुठे बसले होते हे नंतर आठवत नाही.

६. आत काय कुठे आहे

हृदय पोटात सापडत नाही. ते पुढे, घशाखाली, दोन्हीकडच्या कल्ल्यांच्या मधल्या छोट्या वेगळ्या कप्प्यात असतं. एक अलिंद, एक निलय आणि पुढे पांढरट शंकू. माशाच्या हृदयातून फक्त अशुद्ध रक्त जातं. तिथून ते कल्ल्यांत जाऊन शुद्ध होतं आणि परत हृदयात न येता तसंच अंगभर फिरतं. मासा खूप ताजा असेल तर हृदय अजून हलताना दिसेल, दचकू नका.

काळीज, म्हणजे यकृत, तांबूस तपकिरी आणि आतड्याच्या वेटोळ्यांमध्ये पसरलेलं. बकऱ्याच्या कलेजीसारखा एक गठ्ठा शोधत बसाल तर सापडणार नाही. स्वादुपिंडही त्यातच विखुरलेलं असतं, वेगळं दिसत नाही. काळीज पिवळट आणि हाताला तेलकट लागलं तर खाद्याकडे बघा: फार तेलकट किंवा खवट झालेली पेंड बहुधा कारण असते.

काळजाला लागूनच हिरवी पिशवी, पित्ताशय. मासोळी कापणारी कोणतीही बाई तुम्हाला पहिला धडा हाच देईल, "पित्ता फुटला तं रस्सा कडू." आपल्याला त्याचा आणखी एक उपयोग आहे. मासा जेवला की पित्त आतड्यात रिकामं होतं. उपाशी राहिला की पिशवी टम्म भरते. आतडं रिकामं आणि पित्ताशय फुगलेलं दिसलं तर तुम्ही टाकलेलं खाद्य माशाने काही दिवस खाल्लेलंच नाही. ते तळाशी कुजतंय.

आणि ही गोष्ट घरच्यांनाही सांगा: रोहू-कटल्याचं पित्त दमा, साखर किंवा डोळ्यांचं औषध म्हणून गिळायला सांगणारे लोक अजून आहेत. या माशांच्या पित्तात मूत्रपिंडाला मारक विष असतं. ते गिळून मूत्रपिंडं बंद पडलेले रुग्ण आपल्या देशातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. शिजवल्याने ते विष जात नाही. पिशवी काढा आणि पुरून टाका.

रोहूला जठर नाही. अन्ननलिका थेट आतड्याच्या फुगीर भागात उघडते आणि पुढे वेटोळ्यांवर वेटोळी. वेळ असेल तर आतडं सोडवून मोजपट्टीला लावा, माशाच्या लांबीच्या कितीतरी पट भरेल. शेवाळ, कुजका पालापाचोळा असलं चिवट अन्न पचवायला एवढी लांबी लागते. पुढच्या टोकाचा थोडा भाग चिरून आतला ऐवज बशीत पिळा. हिरवट काळा चिखल म्हणजे तळ्यातलं नैसर्गिक अन्न चालू आहे. नुसता धानाचा कोंडा दिसला तर मासा तुमच्या पोत्यावर जगतोय.

आतड्याशेजारी गडद मरून रंगाची लांबट पट्टी म्हणजे प्लीहा. दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला अंडाशय किंवा वृषणं: हिवाळ्यात दोरीएवढी बारीक, आषाढात अंडाशय अख्खं पोट व्यापतं. पिवळट दाणेदार असेल तर मादी, पांढरं गुळगुळीत असेल तर नर.

आता आतडी बाजूला करा. चंदेरी पांढरी, मध्ये आवळलेली दोन कप्प्यांची पिशवी दिसेल. ही हवेची पिशवी, पुस्तकात वाताशय. मासा हिच्या जोरावर पर न हलवता पाण्यात एका पातळीला राहतो. हिच्यापासून अन्ननलिकेपर्यंत एक बारीक नळी जाते, चिमट्याने हळू ताणलीत तर सापडते. पुढचा कप्पा बारीक हाडांच्या साखळीने आतल्या कानाशी जोडलेला आहे, म्हणजे पिशवी माशाला ऐकायलाही मदत करते. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० मध्ये ही हाडं दाखवली आणि ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जातात.

पिशवी काढली की पाठीच्या कण्याला चिकटलेला काळपट लाल पट्टा उरतो. घरात मासोळी धुताना आपण तो साकळलेलं रक्त समजून नखाने खरवडून टाकतो. ती मूत्रपिंडं आहेत. सतत आत झिरपणारं पाणी पातळ लघवीच्या रूपात बाहेर टाकत राहणं हे त्यांचं काम, आणि गोड्या पाण्यातल्या माशाला त्यातून सुटी नाही. त्याबरोबर जाणारे क्षार कल्ले पाण्यातून पुन्हा ओढून घेतात.

७. डोकं, जमलं तर

कवटीचं वरचं हाड डोळ्यांच्या वरच्या रेषेत पातळ पातळ कापत काढा. चरबीखाली पांढुरका मेंदू दिसेल. तो मागून सोडवून उचलला की खाली हाडाच्या खळग्यात बाजरीच्या दाण्याएवढी ग्रंथी असते, पियूष ग्रंथी. रोहू-कटला साठलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ग्रंथीचा अर्क टोचून ती अडचण सोडवली. आज तुम्ही विकत घेता ते बीज त्याच वाटेने आलं आहे, आणि १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात.

घशात, शेवटच्या कल्ल्यामागे बोट घाला. जबड्यात नसलेले दात इथे सापडतील, तीन ओळींत.

८. शेजारी एक मरळ ठेवा

रोहू कळला म्हणजे सगळे मासे कळले, असं मात्र नाही. मरळ मांसाहारी: जबड्यात दात, पोटात खरं जठर, आतडं आखूड. कल्ल्यांच्या वर हवा घेण्याचा वेगळा कप्पा असतो, म्हणून मरळ ओल्या पोत्यात तासन्‌तास जगते. मागूरमध्ये त्याच जागी फांद्या फुटलेला लाल अवयव असतो, आणि अंगावर खवलेच नाहीत. मागूर, शिंगी हाताळताना छातीच्या पराचा काटा सांभाळा. शिंगीचा काटा विषारी आहे.

९. आजारी मासा उघडताना

क्रम हाच, फरक एवढाच की जोडीला तुमच्या निरोगी रोहूचे फोटो समोर ठेवायचे. पोटात पाणी साचलंय का, काळीज फिकट का, मूत्रपिंड सुजलंय का, आतडं लाल का, हे आता तुम्हाला दिसेल. हातमोजे घाला, हाताला जखम असेल तर दुसऱ्याला करू द्या. हा मासा खायचा नाही, कोंबड्या-कुत्र्यांनाही टाकायचा नाही. तळ्यापासून लांब खड्ड्यात कळीचा चुना टाकून पुरा. निरोगी रोहू मात्र लगेच रांधून घ्या.

दिसलं तरी उलगडा झाला नाही, तर नमुना पाठवा. नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, जिल्ह्याला मत्स्यव्यवसाय विभागाचं कार्यालय आहे. आधी फोन करून विचारा. तरंगून फुगलेला मासा नेऊ नका, त्यातून काही निघत नाही. सुस्त झालेला पण जिवंत मासा पाण्याच्या पिशवीत न्या. ते जमलं नाही तर नुकताच मेलेला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बर्फावर. फ्रीजरमध्ये गोठवू नका, गोठलेल्या माशाच्या पेशी फाटतात. सोबत तळ्याच्या पाण्याची वेगळी बाटली आणि नोंदवहीच्या शेवटच्या पानांचा फोटो द्या. पिशवीत टाकायची चिठ्ठी पेन्सिलने लिहा, पेनची शाई बर्फाच्या पाण्यात धुऊन जाते.